जांभ्या जमिनीवर मेंढ्यांसाठी झटक्याचे कुंपण

गोव्यात झटक्याचे कुंपण वर्षातून दोन वेळा दगा देते. पहिल्यांदा एप्रिल-मेमध्ये: जांभा तापून कोरडाठाक होतो आणि मेंढीने तारेला नाक लावले तरी वीज जमिनीतून परत फिरत नाही. दुसऱ्यांदा जुलैमध्ये: गवत आणि रानमोडी आठवडाभरात खालच्या तारेला भिडते आणि सगळा झटका ओल्या पानांतून जमिनीत मुरून जातो. घाटावर उत्तम चालणारे कुंपण जसेच्या तसे इथे उभे केले की नोव्हेंबर ते मार्च सगळे ठीक दिसते. पुढे एके सकाळी मेंढ्या शेजाऱ्याच्या मळ्यात सापडतात. म्हणून तारा ओढण्याआधीच कुंपण या दोन्ही ऋतूंसाठी आखावे लागते. इथली मापे साधारण ४००० चौरस मीटर जमीन आणि वीसएक मेंढ्या धरून दिली आहेत.

झटका बसतो तो कसा, हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे निम्मे दोष इथेच सापडतात. झटका तयार करणाऱ्या मशीनच्या एका टोकाला तार आणि दुसऱ्या टोकाला जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळया. मशीन साधारण दर सव्वा सेकंदाला एक ठोका तारेत सोडते. जनावराने तारेला स्पर्श केला की तो ठोका त्याच्या अंगातून, खुरांतून, मातीतून प्रवास करत सळयांपर्यंत जातो आणि मशीनमध्ये परततो. हे वर्तुळ कुठेही तुटले तर तारेवर आठ हजार व्होल्ट असूनही मेंढीला काही कळत नाही. मेंढीचे खूर कोरडे, खाली खडीसारखा जांभा, अंगावर लोकर. तिन्ही गोष्टी विजेला अडवणाऱ्या. म्हणून गायी-म्हशींना दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात, तिथे मेंढीसाठी कुंपणाच्या सर्वांत दूरच्या टोकाला निदान चार हजार व्होल्ट हवेत. तीन हजारांखाली गेले की धाडसी मेंढी कुंपण ओलांडते, आणि एक गेली की बाकीच्या तिच्यामागे जातात.

घरच्या बोर्डातून तार कधीही नको

घरातली २३० व्होल्टची लाइन थेट तारेत सोडणे म्हणजे माणूस मारण्याची व्यवस्था करणे. रानडुकरांसाठी असे करणारे लोक आहेत आणि त्यात शेजारी, मजूर, घरातलीच माणसे गेली आहेत. मशीनचा ठोका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि मध्ये जवळजवळ सेकंदभर तार मोकळी असते, त्यामुळे हात सुटतो. लाइनचा प्रवाह अखंड असतो, तो स्नायू आवळून धरतो आणि हात तारेलाच चिकटून राहतो. असे कुंपण गुन्हा आहे, आणि त्यात गवा किंवा बिबटा सापडला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी कारवाई होते. मशीन घेताना आयएस ३०२ भाग २ विभाग ७६ या भारतीय मानकाचा उल्लेख त्यावर आहे का ते पाहा. गावठी, सोल्डर करून बनवलेले मशीन स्वस्त पडते, पण त्यातला एक भाग जळाला की ठोक्यांचा अखंड प्रवाह कधी होईल ते सांगता येत नाही. त्याच्या वाटेला जाऊ नये.

मशीन, बॅटरी, पॅनेल

खोक्यावर ‘२० किलोमीटर’ असे लिहिलेले असते. तो आकडा एकाच तारेचा, गवताचे एक पातेही न लागलेल्या कुंपणाचा असतो, त्यामुळे त्यावरून मशीन निवडू नका. बघायचे ते ज्यूल, म्हणजे एका ठोक्यातली ऊर्जा, आणि तेही बाहेर पडणारे. ‘स्टोअर्ड’ म्हणजे आत साठवलेले ज्यूल नेहमी जास्त असतात आणि विक्रेता तेच सांगतो. ४००० चौरस मीटरच्या चौकोनी तुकड्याचा घेर सुमारे २५५ मीटर होतो. पाच तारा धरल्या तर १२७५ मीटर. स्वच्छ कुंपणाला अर्धा ज्यूलही पुरेल. पण जुलैतल्या गवताचा भार धरून बाहेर पडणारे १ ते २ ज्यूल देणारे मशीन घ्यावे.

बॅटरीचा हिशोब पावसाळ्यावर करायचा. समजा मशीन १२ व्होल्टवर ०.२ अँपिअर घेते. दिवसाला ४.८ अँपिअर-तास झाले. आषाढात सलग पाच दिवस ऊन पडले नाही तर २४ अँपिअर-तास लागतील, आणि लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ५० अँपिअर-तासांची बॅटरी. मशीनसोबत मिळणारी सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी उन्हाळ्यात चालते, पावसात एका दिवस-रात्रीतच निम्म्याच्या वर रिकामी होते. सौर पॅनेल ४० वॉटचे, मध्ये चार्ज कंट्रोलर, तोंड दक्षिणेला, कल १५ अंशांच्या आसपास. काजूच्या किंवा माडाच्या सावलीत पॅनेल लावू नये. एका झावळीची सावली पडली तरी चार्जिंग निम्म्याहून खाली येते. जवळ वीज असेल तर लाइनवर चालणारे मशीन घराच्या पडवीत बसवून बाहेर केबल काढणे सर्वांत सोपे. मात्र मे-जूनमध्ये वादळाने वीज तासन्‌तास जाते, तेव्हा बॅटरीचा आधार हवाच.

अर्थिंग: खरे काम इथे

तारेवर हजारो रुपये खर्च होतात आणि अर्थिंगला एक तुटकी सळई ठोकली जाते. कुंपण न चालण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, आणि आपल्याकडे तर दुप्पट. किमान तीन जस्ताच्या मुलाम्याच्या सळया किंवा पाइप हवेत, प्रत्येकी सहा फूट लांब, एकमेकांपासून तीन मीटरवर, एकाच अखंड तारेने जोडलेल्या.

जांभ्यात सहा फुटांची सळई घणाने आत जात नाही, वाकते. यावर दोन उपाय आहेत. एक, मशीन असेल तिथेच अर्थिंग करायचा हट्ट सोडा. जिथे बारा महिने ओल राहते ती जागा शोधा: गोठ्याचे सांडपाणी जाते तिथल्या केळी, व्हाळाचा काठ, विहिरीच्या खालच्या अंगाची मऊ माती. इन्सुलेटेड केबलने तीस-चाळीस मीटरवर अर्थिंग नेले तर काही बिघडत नाही. विहिरीच्या पाण्यात मात्र सळई सोडू नये, आणि घरच्या वीजजोडणीच्या अर्थिंगपासून दहा मीटर तरी लांब राहावे, नाहीतर नळाला आणि फ्रीजला ठोके लागू लागतात. दुसरा उपाय, उभ्या सळईऐवजी आडवा चर: दीड-दोन फूट खोल, तीन-चार मीटर लांब, त्यात जस्ताचा पाइप आडवा टाकून भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) आणि लोणारी कोळशाचा भुगा घट्ट भरायचा. मीठ घालण्याची पद्धत आहे, त्याने सुरुवातीला फरक पडतो, पण मीठ जस्त खाते आणि काही वर्षांत सळई गंजून तुटते. बेंटोनाइट मिळत असताना मीठ टाळलेले बरे.

अर्थिंग पुरेसे आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावे लागते. मशीनपासून शंभर मीटरवर जाऊन मशीन बंद करा, दोन-तीन लोखंडी सळया चालू तारेला टेकवून जमिनीत रोवा, मशीन सुरू करा. तारेवरचा दाब दोन हजारांखाली येईपर्यंत सळया वाढवा. मग फेन्स टेस्टरचे (तारेवरचा दाब मोजायच्या उपकरणाचे) एक टोक अर्थिंगच्या शेवटच्या सळईला आणि दुसरे त्यापासून मीटरभरावर रोवलेल्या खिळ्याला लावा. आकडा ३०० व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग अपुरे, आणखी एक सळई घाला. ही चाचणी मेमध्ये करायची. जुलैत केलेली चाचणी नेहमी पास होते आणि काहीच सांगत नाही.

पाच तारा आणि त्यांची ऋतूप्रमाणे अदलाबदल

कोरड्या जमिनीवर मातीच्या भरवशावर न राहता वर्तुळ तारांमध्येच पूर्ण करायचे: एक तार चालू, पुढची अर्थची. मेंढीने डोके घातले की दोन्ही तारा तिला एकदम लागतात आणि खालची माती कितीही कोरडी असो, झटका बसतो. जमिनीपासून तारांची उंची अशी ठेवावी: १५, ३०, ४५, ६५ आणि ९० सेंटिमीटर. उन्हाळ्यात पहिली, तिसरी आणि पाचवी चालू. दुसरी आणि चौथी अर्थिंगला जोडलेली. अर्थच्या तारांना कुंपणाच्या दूरच्या टोकाला आणखी एखादी सळई द्यावी.

पाऊस लागला की जमीन स्वतःच उत्तम अर्थ होते. तेव्हा १५ सेंटिमीटरची तार बंद करायची, कारण गवत आधी तिलाच भिडते, आणि ३० सेंटिमीटरची दुसरी तार अर्थवरून काढून चालूला जोडायची. हे शक्य व्हावे म्हणून पाचही तारा पहिल्या दिवसापासून इन्सुलेटरवरच बसवा, अर्थची तार म्हणून सरळ खांबाला गुंडाळू नका. पहिल्या आणि दुसऱ्या तारेला मशीनजवळ स्वतंत्र कट-आउट स्विच ठेवला तर बदल पाच मिनिटांत होतो. खालची तार पावसात बंद ठेवण्याचे दुसरेही कारण आहे: बेडूक, साप आणि खवले मांजर याच तारेला सापडतात. खवले मांजर घाबरले की अंगाचे वेटोळे करते, तारेभोवतीच गुंडाळले जाते आणि ठोके खात मरते. जंगलाला लागून असलेल्या जमिनीवर, सत्तरी, सांगे, काणकोणात, हे लक्षात ठेवायलाच हवे.

शेळ्या असतील तर सहावी तार ११५ सेंटिमीटरवर लागते, कारण शेळी उडी मारते. नेल्लोरसारख्या उंच मेंढ्यांसाठीही वरची तार एक वीत उंच घ्यावी. दख्खनी मेंढीला लोकर असते, तिला झटका फक्त नाक, कान आणि पायांना लागतो. म्हणून तिच्या बाबतीत ३० आणि ४५ सेंटिमीटरच्या तारा सर्वांत महत्त्वाच्या. एकदा मान तारेखाली गेली की पाठीवरची लोकर तिला वाचवते आणि ती मागे न फिरता पुढे घुसते.

सामान

२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे १४ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार किलोला सुमारे ४० मीटर भरते. १२७५ मीटरसाठी ३२ किलो, गाठी आणि वाया जाणारी धरून ३५ किलो. यापेक्षा बारीक तार समुद्राच्या खाऱ्या हवेत लवकर गंजते. पेडणे-बार्देशच्या किनारपट्टीवर जास्त जस्त चढवलेली तार मागून घ्यावी; नुसत्या ‘जीआय’ शब्दावर जाऊ नये.

चार कोपरे आणि फाटकाचे दोन असे सहा भक्कम खांब, सिमेंटचे किंवा दोन इंची जीआय पाइपचे, काँक्रीटमध्ये पुरलेले आणि ताणाच्या दिशेने तिरका टेकू दिलेले. मधले खांब सरळ जागी दर चार मीटरवर, उताराला तीन मीटरवर; साधारण साठ ते सत्तर. त्यांना ताण नसतो, तारेची उंची धरणे एवढेच काम. म्हणून इथे माणगा बांबू चालतो, भरीव असतो, स्वस्त पडतो. दीड मीटर लांबीचे तुकडे करून पाऊण हात जमिनीत. पुरायच्या भागाला डांबर फासा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी तळ खाऊन टाकते. गिरिपुष्पाचे जिवंत खांब वापरायचा मोह होतो. ते फुटतात, फांद्या तारेवर येतात आणि पावसाळाभर त्याच कापत बसावे लागते. झाडाला थेट तार ठोकणे तर नकोच. साल तार गिळते.

मधल्या खांबांसाठी सुमारे ३०० ते ३५० क्लिप इन्सुलेटर आणि कोपरे-टोकांसाठी ३० चिनी मातीचे किंवा चांगल्या प्लॅस्टिकचे मजबूत इन्सुलेटर लागतात. सायकलच्या ट्यूबचे तुकडे किंवा काळ्या ठिबक नळीचे वळे इन्सुलेटर म्हणून बांधू नका. काळ्या रबरात कार्बन असतो, कोरडे असताना ते अडवते, ओले झाले की विजेला वाट देते. अशी साठ जोड्यांची गळती एकत्र झाली की मशीन चांगले असूनही तारेवर दोन हजार व्होल्ट उरतात आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही. याशिवाय प्रत्येक तारेला एक ताणणी, म्हणजे पाच, तीन कट-आउट स्विच, एक वीजरोधक (आभाळातली वीज मशीनपर्यंत जाऊ न देणारे उपकरण), २० ते ३० मीटर खास फेन्सची दुहेरी आवरणाची केबल आणि एक फेन्स टेस्टर. घरगुती वायरिंगची वायर ११०० व्होल्टपर्यंतच्या आवरणाची असते. ती फाटकाखालून नेली की आवरण फुटून वीज जमिनीत जाते, आणि तो दोष जमिनीखाली लपलेला असल्याने शोधायला सर्वांत अवघड. साधा मल्टिमीटरही तारेला लावू नका, पहिल्याच ठोक्याला जळेल.

खरेदीआधी कृषी संचालनालयाच्या आपल्या विभागीय कार्यालयात कुंपणासाठी साहाय्य चालू आहे का, कोणत्या अटींवर, हे विचारून घ्यावे.

उभारणी

सर्वांत सोयीचा काळ ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पाऊस सरलेला असतो आणि जांभा अजून पहारीला दाद देतो; फेब्रुवारीत त्याच खड्ड्याला तिप्पट वेळ लागतो.

फॉर्म १-१४ (जमिनीचा उतारा) आणि नकाशा हाती घेऊन सीमा नक्की करा, आणि गावाची जुनी पायवाट जमिनीतून जात असेल तर तिथे फाटक ठेवा. वाट बंद झाली की कोणीतरी तार तोडणारच. सीमेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर पट्टा मुळापासून साफ करा, वर लोंबणाऱ्या काजूच्या फांद्या आत्ताच छाटा. आधी कोपऱ्यांचे खांब, काँक्रीटला आठवडा द्या, मग दोरी बांधून मधले खांब. जमिनीला घळ असेल तिथे खांब घळीच्या तळाशीही हवा, नाहीतर खालच्या तारेखाली दीड फुटाची पोकळी राहते आणि कोकरे तिथूनच जातात. दगडी मेरेवरून कुंपण नेताना उंची मेरेच्या माथ्यापासून मोजा. मेंढी तिथेच उभी राहणार.

तारा खालून वर ओढा. ढिली नसावी एवढाच ताण पुरे. वीणेसारखी ताणलेली तार कोपऱ्याचा खांब वाकवते आणि फांदी पडली की तुटते. तार तारेला जोडताना नुसता पीळ देऊन थांबू नये, तिथे लाइन क्लॅम्प लावावा. सैल पिळात ठिणगी पडते, गंज चढतो आणि जोड हळूहळू मरतो. तांब्याची वायर जस्ताच्या तारेला कधीही जोडू नका. दमट खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना खातात आणि एका पावसाळ्यात जोड हिरवा-पांढरा होऊन निकामी होतो. काटेरी तारेत वीज सोडायला मानकाची मनाई आहे. त्यात अडकलेले जनावर किंवा मूल सुटू शकत नाही.

फाटकावर स्प्रिंगचे हँडल लावताना वीज येणारी बाजू पक्क्या टोकाची नसावी. हुक जिथे अडकवतो ते टोक चालू, म्हणजे फाटक उघडले की हातातली आणि जमिनीवर पडलेली तार मेलेली असते. कुंपणाची वीज फाटकाच्या तारेतून पुढे नेऊ नका, केबल जमिनीखालून पाइपात न्या आणि पाइपाची तोंडे खाली वळवा, पाणी शिरू नये म्हणून.

वीज खात्याच्या लाइनखालून जावेच लागले तर काटकोनात ओलांडा. समांतर नेले तर कुंपणाच्या तारेत आपोआप वीज उतरते. शेजाऱ्याचेही झटक्याचे कुंपण असेल तर दोन्हींत अडीच मीटर अंतर हवे. रस्त्याच्या आणि वाटेच्या बाजूला पिवळ्या पाट्या, निदान १०×२० सेंटिमीटरच्या, दर दहा मीटरवर, दोन्ही बाजूंनी वाचता येतील अशा. मराठी-कोंकणीबरोबर इंग्रजीतही लिहा आणि झटका बसल्याचे चित्र काढा; काजूच्या हंगामात बोंडू वेचायला आणि बी गोळा करायला बाहेरचे मजूर येतात.

वीजरोधक विसरू नका. आपल्याकडे मे-जून आणि पुन्हा ऑक्टोबरात गडगडाट होतो, २५५ मीटरची तार ती वीज गोळा करून थेट मशीनमध्ये नेते. वीजरोधकाला मशीनपेक्षा वेगळे, स्वतःचे अर्थिंग द्या. तरीही ढग गडगडू लागले की मेंढ्या गोठ्यात घेऊन मशीनची दोन्ही टोके सोडवणे हाच खरा उपाय. रोधक मशीन वाचवेलच असे नाही.

मेंढ्यांना ओळख करून देणे

हे कुंपण मेंढीला शरीराने अडवत नाही, तिच्या मनातली भीती अडवते. म्हणून नव्या मेंढ्या थेट रानात सोडू नयेत. गोठ्याजवळच्या पक्क्या, दगडी किंवा जाळीच्या आवारात आतल्या बाजूने भिंतीपासून दोन-तीन फुटांवर दोन तारा लावा, ३० आणि ४५ सेंटिमीटरवर, पूर्ण दाब द्या, पाणी मारून जमीन ओली ठेवा. तारेच्या पलीकडे फणसाची पाल्याची फांदी टेकवून ठेवा. मेंढी स्वतःहून नाक पुढे करते आणि झटका नाकावर बसतो, तोच हवा असतो. नाकावर बसलेल्या झटक्याने ती मागे उडी मारते. मानेमागे बसला तर पुढे. दोन-तीन दिवस पुरतात. त्या काळात हाकलू नका, कुत्रा जवळ आणू नका. घाबरून पळत तारेवर आदळलेली मेंढी तार तोडून पुढे निघते आणि तिला तार पार करता येते हेच ती शिकते. पिल्लू व्हायला महिनाभर राहिलेल्या मेंढ्या या शिकवणीतून वगळा.

तारेला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या दर मीटरभरावर बांधल्या तर पहिल्या आठवड्यात तार दिसते. नंतर काढून टाका, ओल्या चिंध्या गवताशी लागून गळती करतात. आणि शिकलेल्या मेंढ्या आहेत म्हणून मशीन बंद ठेवू नका. मेंढ्या तारेचा टिकटिक आवाज ओळखतात, बंद कुंपण त्यांना एक-दोन दिवसांत कळते.

विजेच्या जाळीचे तयार गुंडाळे मिळतात, लावायला सोपे असतात, पण शिंगवाल्या शेळ्या आणि लहान कोकरे त्यात अडकतात आणि सुटेपर्यंत ठोके खातात. जाळी वापरायचीच तर दिवसातून दोनदा फेरी मारलीच पाहिजे. आमचे मत स्पष्ट आहे: शिंगे आणि कोकरे असलेल्या कळपाला तारा बऱ्या.

आतले तुकडे आणि जंत

बाहेरचे कुंपण तयार झाले की खरा फायदा आतल्या फिरत्या तारांतून होतो. दमट हवेत मेंढीचा सर्वांत मोठा शत्रू जठरातला रक्त पिणारा जंत, हिमॉन्कस. लेंडीतून पडलेली अंडी पावसाळ्यात चार-पाच दिवसांनंतर गवतावर चढणाऱ्या अळ्यांत बदलतात. म्हणून एका तुकड्यावर तीन-चार दिवसांहून जास्त ठेवू नये आणि तिथे पुन्हा महिन्याच्या आत आणू नये. गरम-ओल्या हवेत अळ्या हालचाल करून आपली शक्ती संपवतात आणि पाच-सहा आठवड्यांत बऱ्याच मरतात.

तुकडा किती मोठा? तीस किलोच्या वीस मेंढ्या म्हणजे ६०० किलो वजन. दिवसाला साधारण २० किलो सुका चारा, हिरव्या गवतात १०० किलो. एक चौरस मीटर गवत कापून तोला. किलोभर भरले आणि निम्मे मागे ठेवायचे असेल, तर रोज २०० चौरस मीटर, म्हणजे तीन दिवसांना ६००. महिनाभर विश्रांती द्यायची तर असे अकरा तुकडे लागतात, ६६०० चौरस मीटर. ४००० मध्ये वीस मेंढ्या नुसत्या गवतावर बसत नाहीत. बाकीचा चारा कापून आणा किंवा कळप बारावर ठेवा.

आतल्या तुकड्यांना पॉलिवायरच्या (बारीक धातूचे धागे विणलेल्या प्लॅस्टिक दोरीच्या) तीन सरी पुरतात, २०, ४० आणि ६५ सेंटिमीटरवर. प्लॅस्टिकचे पायाने रोवायचे खांब भातकापणीनंतरच्या शेतात जातात, जांभ्यात मोडतात. तिथे आठ मिलिमीटरची सळई आणि तिच्यावर सरकणारे इन्सुलेटर. मार्च ते मे काजूखाली बोंडूंचा सडा पडतो, तो तुकडा तारेने बंद ठेवा. एकदम पोटभर खाल्लेले गोड बोंडू पोटात आंबतात आणि मेंढी फुगते. तीन वर्षांखालची कलमेही अशीच वेगळी ठेवावीत. मेंढी मुख्यतः गवत खाते, पण कोवळा शेंडा सोडत नाही. शेळी तर फांदीच वाकवते.

रात्री मात्र कळप छपराच्या, जाळीच्या गोठ्यातच हवा, जमिनीपासून उचललेल्या फळ्यांच्या माच्यावर. हे कुंपण भटक्या कुत्र्यांना बऱ्यापैकी अडवते, बिबट्याला नाही. आणि पावसाळाभर ओल्यात उभ्या राहिलेल्या मेंढ्यांचे खूर सडतात, ते कोणतेही कुंपण थांबवत नाही.

रोजची नजर आणि दोष शोधणे

रोज सकाळी एकदा, मशीनपासून सर्वांत लांबच्या टोकाला टेस्टर लावून आकडा वहीत लिहा. आकडा एकदम पडला तर तार तुटली किंवा फांदी पडली. रोज थोडा थोडा उतरत असेल तर गवत. पावसात सगळीकडे सारखाच कमी आणि दुपारी उन्हात वर येत असेल तर इन्सुलेटर. एप्रिलमध्ये तारेवर सात हजार असून मेंढ्या जात असतील तर अर्थिंग.

आकडा कमी आला की आधी कुंपण सोडवून नुसत्या मशीनचा दाब बघा. तोच कमी असेल तर बॅटरी: १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी काही तास विश्रांतीनंतरही १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धी रिकामी आहे. मशीन ठीक असेल तर कट-आउट स्विच एकेक उघडून कुंपणाचे अर्धे-अर्धे भाग तपासा. कुठला भाग सोडला की आकडा वर उडी घेतो, दोष त्यातच. नुसत्या कानानेही बरेच कळते. संध्याकाळी शांततेत चालत गेले की गळतीच्या जागी टकटक ऐकू येते, अंधारात निळी ठिणगी दिसते. एएम रेडिओ चालू ठेवून तारेच्या कडेने फिरले तर दोषाजवळ खरखर वाढते.

गवत मेअखेर, पहिल्या पावसाआधी, जमिनीलगत कापून टाका. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये बारा ते पंधरा दिवसांनी ग्रास कटर फिरवावा लागतो. नायलॉन दोरीचा कटर तारेजवळ न्या, पात्याचा नाही. वेलींवर विशेष लक्ष ठेवा, एक वेल पाचही तारा एकत्र बांधते, चालू आणि अर्थ दोन्ही. तणनाशक मारायचे असेल तर त्या पट्ट्यापासून मेंढ्या बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूर ठेवायला हव्यात, आणि मेंढ्या तर नेमक्या त्या पट्ट्यातलेच गवत खायला येतात. म्हणून कटर बरा. उन्हाळ्यात हाच पट्टा दुसऱ्या कारणासाठी साफ हवा: वाळल्या गवतावर पडलेली ठिणगी काजूच्या पाचोळ्यात आग लावू शकते.

दर ऑक्टोबरात पावसाचा शेवटचा सडाका गेला की तारा पुन्हा ताणा, वाळवी लागलेले बांबू बदला, गंजलेले क्लॅम्प काढून नवे लावा आणि दुसरी तार चालूवरून परत अर्थला न्या. पहिल्या तारेचा स्विच चालू करा, पण त्याआधी तिच्याखालचे गवत कापलेले आहे का ते पूर्ण फेरी मारून बघा.